मनन झालं, पाण्याचं काय?

मंडळी, आजचा विषय जरा धार्मिक आहे. ख्रिस्ती नसाल तर लगेच पळू नका. तुमच्या मोबाईलवर ध्यानाचं अ‍ॅप असेल, सकाळी सकाळी ग्रुपवर सुविचार येत असतील, किंवा 'ग्रॅटिट्यूड जर्नल' नावाची एक महागडी वही घेऊन ठेवली असेल, तर हे सगळं तुम्हालाही लागू आहे.

तर झालंय असं, की आमच्या वयाच्या वसई-विरारकडच्या ख्रिस्ती पोरापोरींमध्ये सध्या रोजच्या मननाला चांगले दिवस आलेत. आमच्या आज्या संध्याकाळी दिवा लावून अख्ख्या घराला बसवून रोझरी म्हणायच्या. आम्ही विरार लोकलमध्ये एका हाताने दांडी पकडून, कानात इअरफोन घालून सात मिनिटांचं मनन ऐकतो. बायबलमधला एक उतारा, त्यावर कुणीतरी मधाळ आवाजात बोलणार, मग तीस सेकंद शांतता, मग 'आजचा विचार'. झालं की अ‍ॅप हिरवी टिक देतं. किती दिवस सलग झाले त्याची स्ट्रीक दिसते. कुणाची शंभर, कुणाची चारशे. त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला.

आता मला स्ट्रीकचा राग नाही. सात मिनिटांचाही नाही. दोन तास प्रवास आणि दहा तास ऑफिस करणाऱ्या माणसाने सात मिनिटं देवाला दिली तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. माझं भांडण वेगळं आहे. या सगळ्या मननात प्रश्न कोणाबद्दल असतो, ते एकदा ऐका. मी चिंतेत आहे का? मला शांती कशी मिळेल? देवाने माझ्यासाठी काय योजना आखली आहे? माझं प्रमोशन, माझा व्हिसा, माझं नातं, माझी जखम. चारशे दिवस झाले तरी गाडी 'मी' च्या स्टेशनावरून हलतच नाही. आणि याला आपण 'विश्वासात वाढणं' म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. जे मनन आपण कोणाचं देणं लागतो हे दाखवत नाही, त्याने झोप चांगली लागेल, विश्वास वाढणार नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत ज्याने घालून दिली, त्या इग्नेशियस लोयोलाकडेच बघू. हा मुळात सैनिक गडी. त्याचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली छापलं गेलं. त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर त्याच दशकात आमच्या वसईला येऊन गेला होता, म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून तशी लांबची नाही. तर इग्नेशियस सांगतो, दिवसातून दोनदा थांबा. आधी आभार माना, मग उजेड मागा, मग दिवस तासातासाने तपासा, चुकलं त्याची माफी मागा, आणि उद्या काय करणार ते ठरवा. एवढ्यावर तो थांबत नाही. एखादा ठरावीक दोष काढायचा असेल तर कागदावर रेघा आखायच्या, दिवसाला दोन. तो दोष घडला की त्या रेघेवर एक ठिपका. संध्याकाळी दुपारशी तुलना, आज कालशी तुलना, हा आठवडा मागच्या आठवड्याशी.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. सोळाव्या शतकातला बग ट्रॅकर आहे हो तो :) आणि शेवटची पायरी म्हणजे सरळ सरळ रेट्रोस्पेक्टिव्ह. काय बरं झालं, काय फसलं, आणि अ‍ॅक्शन आयटम काय. आता ज्या रेट्रोमध्ये अ‍ॅक्शन आयटम निघत नाही, नुसतं 'टीमने एकमेकांना समजून घेतलं पाहिजे' म्हणून सगळे चहाला जातात, त्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. आमच्या अ‍ॅपमधलं मनन नेमकं तसं आहे. पहिल्या पायरीवर आभार मानून गादीवर आडवं.

पण पहिली पायरीच नीट करू या. आभार. कशाचे? सकाळी उठलो, नळ सोडला, पाणी आलं. धन्यवाद देवा. ठीक. आता जरा पुढे विचारा, हे पाणी आलं कुठून?

मी विरारला राहतो. आमच्या नळाला येणारं पाणी सूर्या प्रकल्पाचं. त्याचं धामणी धरण विक्रमगड तालुक्यात, जव्हारच्या शेजारी. हा प्रकल्प मुळात डहाणू-पालघरकडच्या शेतीसाठी. पुढे शहरं फुगली आणि पाणी शहरांकडे वळलं. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोर्चे काढले. मग लोकल पकडून मी मुंबईत ऑफिसला जातो. तिथे कूलरमधून ग्लास भरतो. त्यातलं बरंचसं पाणी वैतरणेचं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, शंभर मीटरहून उंच, २०१४ साली मुंबईला अर्पण झालं. मुंबईला त्यातून दिवसाला साधारण ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. म्हणजे माझं सकाळचं पाणी सूर्येचं, दुपारचं वैतरणेचं. दोन्ही त्याच डोंगरांतून.

आता त्या डोंगरांत काय आहे? जव्हारला लोक ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणायचे. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, पण विशेषण तेच राहिलं. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, पावसाळ्यात धुक्याचे रस्ते. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तिथे बाईक नेऊन रील काढलेलं असतं. पाऊस धो धो पडतो. पण जमीन उताराची, खाली काळा खडक, पाणी मुरत नाही. वाहून जातं, आणि खाली धरणात अडतं. अडलेलं पाणी पाईपातून शहरात येतं. मार्च उजाडला की मोखाड्यातल्या पाड्यापाड्यांवर विहिरी तळाला जातात. बाया डोक्यावर दोन दोन हंडे घेऊन दरी उतरतात, ओहोळात डवरा खणून वाटीवाटीने पाणी भरतात. टँकर आला तर अख्खा पाडा विहिरीभोवती. दर उन्हाळ्यात पेपरात तोच फोटो येतो. इतका तोच, की आपण आता तो बघतही नाही.

म्हणजे माझ्या आभारप्रार्थनेतलं 'देवाने दिलेलं पाणी' हे देवाने मोखाड्यात दिलं होतं. ते माझ्याकडे आलं ते माणसांच्या निर्णयांनी. देवाचे आभार मानून माणसांचा हिशोब टाळायचा, ही युक्ती भारी आहे, पण तिला प्रार्थना म्हणू नये.

योहानच्या शुभवर्तमानात विहिरीवरची गोष्ट आहे. शोमरोनची बाई भर दुपारी एकटी पाण्याला आलेली. येशू दमून विहिरीशी बसलेला, जवळ पोहरा नाही. ज्यांच्याशी त्याचे लोक संबंध ठेवत नसत, त्या जातीतली ती. आणि तो काय करतो? तिच्याकडे पाणी मागतो. यावर मी डझनभर प्रवचनं ऐकलीत. सगळी 'जिवंत पाण्या'वर, म्हणजे त्याने तिला काय दिलं त्यावर. पण गोष्ट सुरू होते ती मागण्याने. मला तहान लागलीय आणि पाणी तुझ्या हातात आहे, हे तो आधी कबूल करतो. आपण मोखाड्याकडे काही मागत नाही. न मागता घेतो, आणि नाताळ आला की द्यायला जातो.

हो, ते नाताळचं वाटप. त्याबद्दल बोलल्याशिवाय हा लेख संपायचा नाही. आमच्या ओळखीतला एक ग्रुप. सगळे शिकलेसवरलेले, रोज मनन करणारे. एका डिसेंबरात बस करून शंभरेक किलोमीटरवर जव्हारच्या एका पाड्यावर गेले. ब्लँकेटं, बिस्किटं, कॅरल्स, आणि लाल टोप्या. परत आल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, 'पाड्यावर माणसंच नव्हती रे. नुसती म्हातारी आणि अगदी लहान पोरं.'

अरे, असणार कशी? दिवाळी झाली की त्या भागातली धट्टीकट्टी माणसं पोराबाळांसकट घराला कडी लावून निघतात. त्यांचा त्याला शब्द आहे, 'जगायला जातो'. कामाला जातो नाही, जगायला जातो. हा शब्द एकदा तोंडात घोळवून बघा. आणि जातात कुठे? भिवंडी, कल्याण, वसई. वीटभट्ट्यांवर. शेठकडून पावसाळ्यातच बयाणा घेतलेला असतो, कुणी आजारपणाला, कुणी लग्नाला, कुणी नुसतं पोट भरायला. तो फेडायला नवरा-बायको दोघं पहाटेपासून चिखल तुडवून विटा पाडतात. पाऊस तोंडावर आला की परत. हिशोबात बऱ्याचदा अंगावरच निघतं, मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच शेठ.

म्हणजे ज्या माणसांना ब्लँकेट द्यायला हा ग्रुप शंभर किलोमीटर गेला, ती माणसं त्या दिवशी बहुतेक आपल्याच बाजूला, एखाद्या भट्टीवर थंडीत कुडकुडत होती. जाताना बस तशा भट्ट्यांच्या शेजारून गेली असेल. पाडलेल्या विटांचे फ्लॅट, त्या फ्लॅटमध्ये आपली प्रार्थनासभा, आणि सभेत विषय, 'माझा शेजारी कोण?' यापेक्षा कडू विनोद मला सुचत नाही.

मी त्या पोरांना वाईट म्हणत नाही. मनाने चांगलीच आहेत, म्हणून तर गेली. पण चांगलं मन आणि रोजचं मनन असूनही एवढी साधी गोष्ट दिसली नाही, तर मननाच्या पद्धतीत काहीतरी बिघडलंय, असं म्हणायचं की नाही?

आता मनन नीट केलं तर काय होतं, याचं उदाहरण देतो. मोखाड्यातून वर त्र्यंबककडे जाणारा रस्ता धरला की पुढे नाशिक. नाशिकजवळचं जलालपूर हे लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं कडक, नवऱ्यापासून ताटातूट, लोकांची बोलणी. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या पाच वर्षांत कुठे साक्षात्कार नाही, वीज नाही. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर आठवेल, बाईंचा सगळा बदल हा रोजच्या घरकामातल्या विचारांतून झाला. स्वयंपाक, पाणी, शिवाशिव. विचार करता करता त्या या निष्कर्षाला आल्या की जात देवाने केली नाही, माणसांनी केली. आणि पुढचा भाग महत्त्वाचा. त्या निष्कर्षावर त्या नुसत्या खूश होऊन बसल्या नाहीत. कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. विचार पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचला. शाळेत न गेलेल्या बाईचं हे मनन होतं. आपल्याकडे डिग्री आहे, अ‍ॅप आहे, आणि चारशे दिवसांची स्ट्रीक आहे.

असो. आता आक्षेपांकडे येतो, कारण ते मला आधीच पाठ आहेत.

पहिला आक्षेप: 'श्रद्धा ही खाजगी गोष्ट आहे, त्यात पाणी आणि भट्ट्या कशाला? हे राजकारण झालं.' यशया नावाचा संदेष्टा उपाशी राहून प्रार्थना करणाऱ्यांना विचारतो, तुमचे मजूर तुम्ही राबवताय आणि वर उपास करताय? हे काही कुठल्या पक्षाचं पत्रक नाही, बायबलमध्ये आहे. आणि शेवटच्या न्यायाच्या प्रसंगात मत्तय जी यादी देतो तिच्यात तहानलेल्याला पाणी दिलं का, हा प्रश्न आहे. स्ट्रीक किती दिवसांची, हा नाही. आमच्या वसईत तर हे नवीनही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबलही मराठीत आणलं आणि वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं तेव्हा हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावरही उतरले. २०२४ साली ते गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मग आता 'खाजगी' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

दुसरा आक्षेप: 'आपण ख्रिस्ती लोक आदिवासी पाड्यावर गेलो की धर्मांतराचा आळ येतो. नको ती झंझट.' आळ येतो, खरं आहे. पण त्यावर उपाय घरी बसणं नव्हे. मदतीला कुठलीही अट, कुठलाही बॅनर, कुठलीही लाल टोपी न चिकटवणं हा उपाय आहे. स्वतःचा ग्रुप काढायची गरजच काय? वर्षानुवर्षं तिथे काम करणारे लोक आहेत. श्रमजीवी संघटना १९८२ पासून आपल्याच भागात वेठबिगारांच्या बाजूने उभी आहे. विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. हे काम ख्रिस्ती नाही, म्हणून आपलं नाही, असं आहे का? त्या प्रसिद्ध दाखल्यात जखमी माणसाला उचलणारा 'आपला' नव्हताच. याजक बाजूने निघून गेला होता. बहुतेक त्याच्या मननाची वेळ झाली असेल.

तिसरा आक्षेप, सगळ्यात प्रामाणिक: 'एकटा माणूस काय करणार? धरण मी बांधलं नाही.' बरोबर. तुम्ही कोणीच बांधलं नाही. पण एक आकडा सांगतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुलं कुपोषणाने दगावली. तेव्हा आपल्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंची पुन्हा बातमी झाली, कारण तेच. मधल्या तेवीस-चोवीस वर्षांत किती मिस्सा, किती प्रार्थनासभा, किती मनन झालं असेल? १९९८ साली वसई धर्मप्रांत वेगळा झाला, त्यात जव्हार-मोखाडाही आहे. म्हणजे नकाशावर आपण एकाच घरातले. घरातलं एक मूल उपाशी आणि दुसरं 'मला आंतरिक शांती कशी मिळेल' हे विचारतंय, तर आई काय म्हणेल?

एकट्याने धरण हलत नाही, पण विचारता येतं. आणि विचारायला सुरुवात कुठून करायची, तर त्या रात्रीच्या सात मिनिटांतूनच. मी अ‍ॅप बंद करून वही घेतली आहे. इग्नेशियससारख्या रेघा आखतो. प्रश्न फक्त तीन.

आज मी वापरलेल्या गोष्टींतली एक घ्यायची. पाणी, वीट, भाजी, स्विगीवाल्याने आणलेलं जेवण, काहीही. ती माझ्यापर्यंत कोणाच्या कष्टाने आली? माहीत नसेल तर शोधायचं, हाच त्या दिवसाचा गृहपाठ.

दुसरा प्रश्न, त्या माणसाला त्याचं पुरेसं मिळालं का?

तिसरा, या आठवड्यात मी त्याबद्दल कोणती एक गोष्ट करणार, आणि कोणत्या वारापर्यंत? वार लिहायचाच. वार नसलेला अ‍ॅक्शन आयटम कधीच क्लोज होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उत्तरं छोटी असतात. सोसायटीचं नवीन काम निघालं तर मीटिंगमध्ये विचारणं, विटा कुठल्या भट्टीच्या, मजुरांना किमान वेतन मिळतं का. कॉन्ट्रॅक्टर तोंड वाकडं करतो, करू दे. घराजवळच्या भट्टीवर कोण राहतं, त्यांची पोरं शाळेत जातात का, हे बघून शाळेतल्या बाईंच्या कानावर घालणं. पगारातून दरमहा एक ठरलेली रक्कम, डिसेंबरात एकदम भावनेच्या भरात नव्हे. चर्चच्या बैठकीत उठून विचारणं की यंदा जव्हारला बस न्यायच्या आधी एप्रिलमध्ये चौघांनी जाऊन पाड्यातल्या लोकांना नुसतं विचारावं का, तुम्हाला काय हवंय? कदाचित ते म्हणतील, विहिरीतला गाळ काढायला या. कदाचित म्हणतील, टाकीसाठीचा अर्ज कलेक्टर ऑफिसात अडकलाय, तुम्ही लिहायला बसा. कदाचित म्हणतील, काही नको, आमचं पाणी तेवढं आम्हाला राहू द्या. तेही ऐकून घ्यायची तयारी हवी.

यात गुदगुल्या करणारी शांती नाही, हे आधीच सांगतो. उलट सुरुवातीला झोप कमी होते. नळ सोडला की हात जरा थबकतो. पण देव फक्त माझ्या मूडची काळजी घेणारा कोणी नसून मोखाड्याच्या त्या बाईचाही बाप आहे, हे कळायला लागतं. विश्वास वाढतो म्हणजे तुमचा देव मोठा होतो. तुमची स्ट्रीक नव्हे.

मार्च आला की ओहोळ आटतील. तुमच्या रात्रीच्या सात मिनिटांत तोपर्यंत एखादा वार लिहिलेला असू द्या. तूर्तास इतकंच.